हाकेचा फुगा

१

दुपारची जेवणं झाली की आमच्या घरात दीड तास कुणी बोलत नाही. हौसाआत्या माजघरात चटईवर आडवी होते. सलोनी, माझ्या धाकट्या भावाची बायको, पंख्याखाली मोबाइल उशाशी ठेवून झोपते. भाऊ रूपेश बोटीवर असतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. आणि मी पुढच्या खोलीतल्या खिडकीपाशी चित्रं काढायला बसते. क्योतोहून रत्नागिरीजवळच्या मिऱ्याला परत आल्यापासून हा क्रम एकदाही मोडला नव्हता.

त्या खिडकीतून आधी अंगण दिसतं, मग रस्ता, मग समुद्राला अडवायला रचलेला काळ्या दगडांचा बंधारा. समुद्र दिसत नाही. भरतीला बंधाऱ्यावरून उडालेले शिंतोडे तेवढे दिसतात.

मी चार वर्षं मांगा शिकले. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. "कार्टून काढायला एवढ्या लांब?" हे वाक्य मी परत आल्यावर हातखंब्याच्या टपरीवर उतरले तिथपासून घराच्या उंबऱ्यापर्यंत ऐकलं. मला राग येत नसे. मला ठाऊक होतं की मी काय घेऊन आले आहे. तिकडे प्रत्येक गावाची भीती कुणीतरी कागदावर उतरवून ठेवली आहे. आमच्या किनाऱ्याची कुणी उतरवली नव्हती. ती मी उतरवणार होते, इथेच बसून, मराठीत.

आणि त्यासाठी माझ्याकडे आत्मारामकाकाचा सिनेमा होता.

काकाने एक्क्याण्णव साली चार मित्र जमवून, भाड्याने व्हिडिओ कॅमेरा आणून सव्वा तासाचा भयपट केला होता. नाव 'ओहोटी'. वाडीच्या गणपतीत तो एकदा दाखवला, मग कॅसेट तांदळाच्या डब्यात गेली. काका गेला, कॅसेट राहिली. मी ती मुंबईहून संगणकावर उतरवून आणली आणि तिची चोवीस पानांची मांगा करायला घेतली. पुण्याच्या एका लहान प्रकाशन संस्थेतला शुभंकर नावाचा संपादक म्हणाला होता, "पहिली आठ पानं दाखव. आवडली तर पुस्तक."

सात पानं झाली होती. आठव्या पानावर ती बाई होती.

२

सिनेमात ती एक्केचाळिसाव्या मिनिटाला येते.

वाळूची पुळण दिसते. रुंद, ओली, संध्याकाळच्या उन्हात चकाकणारी. ही पुळण आता नाही. समुद्राने ती गिळली, म्हणून तर बंधारा आला. पडद्यावर मात्र ती आहे, आणि तिच्यावरून एक बाई आपल्याकडे पाठ करून चालली आहे. हिरवं लुगडं, कमरेपर्यंत वेणी, वेणीत अबोलीचा गजरा. नायक तिला पाहतो असं ते दृश्य आहे, त्यामुळे नायकाच्या जागी कॅमेराच आहे आणि कॅमेऱ्यामागे काका. बाई लांब जात राहते. मग कॅमेऱ्यामागून काकाचा आवाज येतो: "ए—"

तिथेच आवाज तुटतो. चित्र जोरात हलतं, आभाळ दिसतं, आणि पुढचा प्रसंग सुरू होतो. ती बाई सिनेमात पुन्हा कुठेच येत नाही.

मी ते दृश्य चाळीसेक वेळा पाहिलं असेल. माझं ठरलं की इथे काका कमी पडला. कॅसेट खराब झाली असेल किंवा ऊन गेलं असेल. हाक अर्धी राहिली, बाई वळायची राहिली. आमच्या शिक्षिका सांगायच्या, "पानाचा शेवटचा चौकोन असा हवा की वाचणाऱ्याचा हात आपोआप पान उलटेल." इथे तर तो चौकोन आयता होता. पाठमोरी बाई, आणि मागून आलेली पूर्ण हाक. पान उलटलं की तिचा चेहरा.

अजून एक गोष्ट त्या शिकवायच्या. सिनेमातली हाक नटाची असते. चित्रकथेत बोलणं लिहायला फुगा असतो, त्यातली हाक मात्र वाचणाऱ्याची. फुग्यात लिहिलेलं प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःच्या आवाजात म्हणतो. "हजार वाचक, हजार हाका," त्या म्हणायच्या. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते टेबलासमोर चिकटवून ठेवलं होतं.

३

पाठमोरी उभी राहायला मला कुणीतरी हवं होतं. अंगणात आत्याचं हिरवं लुगडं नेसवून मी सलोनीला उभी केली.

"ताई, किती वेळ? पाठीला मुंग्या आल्या."

"हलू नको. मान सरळ."

"सिनेमात काम मिळालं पण तोंड दाखवायचं नाही. आमच्या मालगुंडला कळलं तर म्हणतील, पोरगी रत्नागिरीत दिली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली."

"पुढच्या पानावर तोंड येईल."

"माझं?"

"तुझं कशाला? भुताचं."

"म्हणजे माझंच," असं म्हणून ती इतकी हसली की गजरा सुटला. मग तो पुन्हा माळताना म्हणाली, "बरं, मानधन नको. निदान नाव तरी घाला माझं. हाक मारणारा काहीतरी नाव घेईलच ना?"

सिनेमात त्या बाईला नावच नव्हतं. मला फुग्यासाठी तीन-चार अक्षरं हवी होती. मोबाइलवर फोटो घेतला, त्यावरून पेन्सिलने चित्र काढलं, आणि फुग्यात लिहिलं: "सलोनी!"

पायरीवर बसून आत्या कालवं फोडत होती. तिने वर न बघता विचारलं, "काय लिहिलंस गो?"

"हाक, आत्या. ती बाई निघाली आहे आणि मागून कुणीतरी तिला हाक मारतं."

आत्याचा कोयता थांबला. "निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. तुझा बापूस होडीवर निघाला की तुझी आई तोंडात पदर कोंबायची."

"चित्रात, आत्या."

"चित्रात तर चित्रात," ती म्हणाली, आणि कालवं तशीच टाकून आत गेली. मला तेव्हा हसू आलं. अशाच गोष्टी तर मला कागदावर आणायच्या होत्या.

४

मंगळवारी शाई भरून झाली. पान इतकं चांगलं उतरलं होतं की मला राहवलं नाही. फोटो काढून मी रूपेशला पाठवला. बोट जयगडच्या बाजूला होती. रेंज आली की बघेल, असं वाटलं.

दुपारी सगळी झोपली असताना सलोनीचा आवाज आला. "ओ!"

मी आत जाऊन पाहिलं. ती उठून बसली होती.

"हाक मारलीत ताई?"

"नाही गं."

"मग आत्यांनी?"

आत्या घोरत होती. सलोनीने तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "स्वप्न असेल," आणि पुन्हा आडवी झाली. मी खोलीत आले तर मोबाइलवर रूपेशचं उत्तर होतं: "अगं बायकोचं नाव घातलंस काय. मी मोठ्याने वाचलं तर बोटीवरचे सगळे हसायला लागले." वेळ दोन वाजून दहा मिनिटं. भिंतीवरच्या घड्याळात दोन बारा झाले होते.

योगायोग. हा शब्द मी मनात स्पष्ट उच्चारला.

चार वाजता मी पान शुभंकरला पाठवलं. त्या वेळी सलोनी पाणी भरत होती. विहिरीकडून रहाटाचा आवाज येत होता. तो थांबला.

"ओ! आले!"

मी खिडकीतून पाहिलं. ती कळशी खाली ठेवून फाटकाच्या दिशेने चालली होती. घराकडे पाठ होती. फाटकाशी ती थांबली, इकडेतिकडे बघितलं, आणि परत आली. कळशी उचलताना तिने ओठ पुसले.

मोबाइलवर संदेश आला. "वाचलं! कडक! शुभंकर."

५

शाई भरलेलं पान उलटं करून तपासायची मला सवय आहे. आम्हाला पहिल्या वर्षीच ती लावली होती. कागद पालथा घालून प्रकाशासमोर धरला की चित्र आरशात दिसावं तसं दिसतं आणि चुका उघड्या पडतात. एखादा डोळा खाली आलेला असतो, एखादा खांदा मोठा. त्यासाठी दिव्याची काच असते, पण बुधवारी सकाळपासून वीज नव्हती. म्हणून मी पान खिडकीच्या काचेला चिकटवलं. चित्र बाहेरच्या बाजूला, कोरी पाठ माझ्याकडे. ऑक्टोबरचं ऊन कागदातून आरपार आलं.

पुळण नीट होती. लुगड्याच्या निऱ्या नीट होत्या. डोकं पाहिलं, आणि मी मागे सरले.

ज्या ठिकाणी वेणीची सुरुवात होती, भांग होता, तिथे फिकट काहीतरी होतं. नाकाची सावली असावी तशी एक रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे.

मी स्वतःला समजावलं. बाहेर कुणीतरी काचेला नाक लावून उभं आहे. सलोनीच असणार, तिला असल्या खोड्या सुचतात. तिची सावली कागदावर पडली आहे.

"सलोनी, पुरे आता," मी म्हणाले.

"काय झालं?" तिने मागच्या स्वयंपाकघरातून विचारलं. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

मी एका हाताने कागदाची कड सोडवली. बाहेर अंगण होतं. वाळत घातलेले बोंबील होते. काचेवर श्वासाची वाफसुद्धा नव्हती. कागद पुन्हा चिकटवला. नाक होतं, खळगे होते. या वेळी त्यांच्या खाली अजून एक फिकट डाग दिसला.

कागद काढून मी पुढची बाजू पाहिली. चित्र जसंच्या तसं. पाठमोरी, वेणी, गजरा. मागची बाजू टेबलावर उजेडात पाहिली. कोरी, स्वच्छ. शाई फुटलेली नाही. बोटाने चाचपलं. काही नाही.

मी पान पाकिटात घातलं. मग लक्षात आलं की काचेला लावण्याआधी आणि काढल्यावर, दोन्ही वेळा मी तो फुगा पाहिला होता. पाहिला म्हणजे वाचला होता. अक्षर ओळखीचं असलं की न वाचता बघता येत नाही.

"सलोनी," मी आत जाऊन विचारलं, "मघाशी तू ओ दिलास का?"

ती तव्यासमोर उभी होती. पण तोंड तव्याकडे नव्हतं. समुद्राकडच्या भिंतीकडे होतं. भाकरी करपत होती.

"दोनदा," ती म्हणाली. "तुम्ही मारत नाही ना हाका? आवाज तुमच्या खोलीतून येत नाही. समोरून येतो. तिकडून."

आणि तिने भिंतीकडे बोट दाखवलं.

६

गुरुवारी सकाळी अकरा वाजता शुभंकरचा फोन आला.

"ज्ञानेश्वरी, अगं कमाल आहे! तुझं आठवं पान मी मोठं करून भिंतीवर लावलंय. आख्खं ऑफिस उभं आहे इथे. आमची पूर्वी म्हणते, तिला त्या बाईच्या मानेकडे बघवत नाही."

"किती जण आहात?"

"सहा-सात. का?"

मी फोन कानाला तसाच ठेवून अंगणात धावले. सलोनी अंगणात नव्हती. फाटक उघडं होतं. ती रस्ता ओलांडून गेली होती आणि बंधाऱ्याच्या पायथ्याशी, पहिल्या दगडावर एक पाय ठेवून, घराकडे पाठ करून उभी होती.

"ओ," ती म्हणाली. जरा थांबून, "ओ." पाय दुसऱ्या दगडावर गेला. "ओ. आले. ओ."

तिच्या आवाजात भीती नव्हती, हे सगळ्यात वाईट होतं. घरात काम करताना कुणी बोलावलं तर माणूस देतो तसा साधा, थोडा वैतागलेला ओ.

मी तिला हाक मारणार होते. तोंड उघडलं होतं. हाक घशात आली, आणि का कोण जाणे, मी ती गिळली. धावत जाऊन तिचा खांदा धरला.

ती वळली. वळायला वेळ लागला. वळल्यावरही क्षणभर तिने मला ओळखलं नाही.

"एवढी माणसं कोण बोलावतायत ताई?" तिने विचारलं. "बायका आहेत, बाप्ये आहेत. एक पण ओळखीचा आवाज नाही."

फोनमधून शुभंकर "हॅलो, हॅलो" करत होता.

७

मी आत्याला सगळं सांगितलं. रूपेशचा संदेश, खिडकी, पुण्याचं ऑफिस. ती हातातलं काम बाजूला ठेवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तो सिनेमा मला दाखव."

लॅपटॉपमध्ये थोडी बॅटरी होती. एक्केचाळिसावं मिनिट लावलं. पुळण आली. बाई आली.

"यात तू किती बारीक होतीस," मी म्हणाले. 'ओहोटी'त बाईची सगळी कामं आत्याने केली आहेत, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

"ती मी नाय."

"म्हणजे?"

"मी कॅमेऱ्याच्या बाजूस छत्री धरून उभी होते. माझी पाळी यायची होती. त्याच्या आदी ती निघाली."

"मग ती कोण?"

"मला काय ठाव? वाडीतली नव्हती. पाठमोरी होती, जात होती. आत्मारामाचा डोळा कॅमेऱ्यात, त्याला वाटलं, मीच न सांगता चालायला लागलंय. म्हणून ओरडायला गेला, ए हौसा. माझा बापूस तिथं जाळं शिवत बसलेला. त्याने उडी मारून आत्मारामाचं तोंड दाबलं. कॅमेरा आपटला."

पडद्यावर काका "ए—" म्हणाला. आवाज तुटला. चित्र हललं, आभाळ दिसलं. आता मला तो तुटलेला आवाज नीट ऐकू आला. कॅसेट खराब नव्हती. कुणाच्या तरी ओठांवर हात बसल्याचा तो आवाज होता.

"आजोबा काय म्हणाले?"

"काय नाय. ती लांब जाईस्तोवर हात काढला नाय. मग म्हणाले, गेली. चला घरी." आत्याने लॅपटॉप स्वतःच्या हाताने मिटला. "जाणारं माणूस कोण ते ठाव नसेल तर त्याला जाऊ द्यावं, बाय. बोलवू नये. आम्ही तेवढंच केलं. ती अर्धी हाक तशीच राहू द्यायची होतीस."

चार वर्षं मी शिकले होते की अर्धं राहिलेलं पूर्ण करणं म्हणजेच रूपांतर.

८

शुक्रवारी दुपारी तीन वाजता शुभंकरचा संदेश आला. "आज साडेचारला आठवं पान आपल्या पेजवर टाकतोय. अडतीस हजार लोक आहेत आपले. पुस्तकाची घोषणा समज! तुझं नाव ठळक देतोय."

मी बंधाऱ्यावर चढून फोन लावला, कारण वीज अजून आली नव्हती आणि ती नसली की घरात रेंज टिकत नाही.

"टाकू नको, शुभंकर."

"अगं, वेळ लावून ठेवलाय. आपोआप जाईल. काय बिघडलंय त्यात?"

काय सांगणार होते मी? "फुग्यातलं नाव चुकलंय," मी म्हणाले. "खऱ्या माणसाचं आहे. घरच्यांना चालत नाही."

"एवढंच ना? सुधारून पाठव. सव्वाचारपर्यंत आलं तर बदलतो. त्यानंतर मी गाडीत असेन."

"पान काढूनच टाक ना."

"ज्ञानेश्वरी," तो प्रेमाने म्हणाला, "एवढ्या वर्षांचं स्वप्न आहे तुझं. घाबरू नको."

घरी आले तेव्हा आत्याने सलोनीला माजघरात बसवून तिच्या ओढणीची गाठ स्वतःच्या पदराला मारली होती.

"ताई, मला वेड लागलंय असं वाटतंय का तुम्हाला?" सलोनी हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "गाठ मारायची तर नवऱ्याशी मारा. सासूच्या आत्याशी काय..." तिचं तिलाच पुढे सुचेना. "नवऱ्याच्या आत्याशी. बघा, नातीपण विसरायला लागले."

"थोडा वेळ बस," मी म्हणाले. "पाच वाजेपर्यंत."

पान पाकिटातून काढताना मी डोळे मिटले होते. पांढऱ्या शाईची बाटली चाचपून उघडली. फुगा कुठे आहे ते हाताला पाठ होतं. तरी शेवटी एकदा बघावंच लागलं, आणि आतून बारीक आवाज आला, "ओ." आत्या काहीतरी पुटपुटली. मी ब्रश फिरवला. स, लो, नी, उद्गारचिन्ह. दोन हात दिले. फुगा कोरा झाला.

शाई वाळेना म्हणून मी पान उन्हाला धरलं, खिडकीच्या काचेसमोर. तसं धरायला नको होतं. उलटी बाजू माझ्याकडे आली.

तिथे आता पूर्ण चेहरा होता. तो कसा होता ते मी लिहिणार नाही, कारण मी एकच भाग नीट पाहिला. तोंड. ते गोल उघडलं होतं, ओ देताना उघडतं तसं. ते सलोनीचं तोंड होतं, डाव्या कोपऱ्यावरच्या तिळासकट. आणि मी बघत असताना तो तीळ फिका झाला, आणि नाहीसा झाला. ओठ सलोनीचे राहिले नाहीत. कुणाचेच राहिले नाहीत. तोंड मात्र उघडंच राहिलं. वाट बघत असावं तसं.

९

सव्वाचारला दोन मिनिटं असताना मी बंधाऱ्यावर उभी होते. पान पायाशी दगडाखाली दाबून त्याचा फोटो घेतला होता. मोबाइलवर तो पाठवायचा गोल फिरत होता. समोर भरतीचं पाणी होतं, जिथे ती पुळण असायची तिथे. ऊन इतकं लख्ख होतं की भीती वाटण्यात काही अर्थ नव्हता, तरी मी पुन्हा पुन्हा मागे घराकडे पाहत होते.

गेलं. दोन निळ्या खुणा उमटल्या.

"मिळालं. बदललं," शुभंकरने लिहिलं. मी दगडावर बसले. रडू आलं. घराकडून सलोनीचा आवाज आला, आत्याशी वाद घालत असल्याचा, नेहमीचा, ठसक्यातला. "सोडा की आता, मला चहा ठेवायचाय!" तो तिचा आवाज होता. तो घरातून येत होता आणि घराकडेच होता. मला इतकं सुख झालं की पुस्तक गेलं तरी चालेल असं वाटलं.

मग त्याचा पुढचा संदेश आला.

"पण काय डोकं आहे तुझं! रिकामा फुगा! हे तर नावापेक्षा भारी. मी चित्राखालची ओळ पण बदलली. बघ साडेचारला. आता गाडीत बसतोय."

मी त्याला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. "ओळ काय आहे?" असं लिहिलं. एकच खूण उमटली, राखाडी. मी दगडांवर उभी राहून एकामागून एक दहा वेळा फोन लावला. घराकडे पळत जावं असं वाटलं, पण घराजवळ रेंज टिकत नव्हती आणि मला बघायचं होतं.

साडेचारला पान आलं. माझं चित्र, माझी पुळण, माझी पाठमोरी बाई आणि कोरा फुगा. खाली ठळक अक्षरांत: "चित्रकथा: ज्ञानेश्वरी भाटकर". त्याखाली ओळ होती: "तिला कुणीतरी मागून हाक मारतंय. फुग्यात कुणाचं नाव घालाल? कॉमेंटमध्ये लिहा!"

पहिलं उत्तर क्षणात आलं. "जिने काढलं तिचंच! ज्ञानेश्वरी!"

त्याच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. दुसरं उत्तर: "ज्ञानेश्वरी!!" तिसरं. चौथं. मी अंगठ्याने वर सारत राहिले आणि ते येत राहिले. एकाने लिहिलं की दुसरा लिहितो, तसेच गमतीने.

आवाज समोरून आला. पाण्याच्या बाजूने. बाप्याचा होता, अनोळखी, पुण्याकडचा असावा. मग एका मुलीचा. मग खूप जणांचे, एकमेकांत मिसळलेले, आणि प्रत्येक जण माझं पूर्ण नाव घेत होता, घरातलं नाही, चित्राखालचं.

मी ओठ घट्ट मिटले. आजोबांसारखा स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. माणसाला नावाने हाक आली की ओ द्यायची सवय किती जुनी असते ते मला त्या वेळी कळलं. चालण्याच्याही आधीची असते. बोटांमधून तो बाहेर आला.

"ओ."

माझा पाय खालच्या, समुद्राकडच्या दगडावर गेलेला होता. तो कधी गेला ते मला कळलं नाही.

मागून सलोनी ओरडली, "ताई, चहा!" फाटकाशीच असावी ती. मला वळायचं होतं. मान वळली नाही. हातातल्या मोबाइलची बॅटरी संपली आणि काच काळी झाली. माझा स्वतःचा चेहरा दिसला तर धीर येईल म्हणून मी तीत पाहिलं.

माझे केस कानापर्यंत कापलेले आहेत. क्योतोत पहिल्याच महिन्यात मी ते कापले.

काळ्या काचेत चेहऱ्याच्या जागी भांग होता. त्याच्या खाली वेणी होती, कमरेकडे जाणारी, आणि वेणीत अबोलीचा ताजा गजरा.